जर्मनीतली नोकरकपात: सही करण्याआधी आणि नोटीस आल्यावर

नेकारकाठ

जुलै २०२४ मध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२८ अखेरपर्यंत जर्मनीतल्या ११ ते १४ हजार जागा कमी करणार असं जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागन आणि आयजी मेटाल ही युनियन यांच्यात २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करण्याचा समझोता झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने मोबिलिटी विभागातल्या आणखी १३ हजारांचा आकडा सांगितला. श्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबुर्ग या पट्ट्यात मराठी इंजिनिअर भरपूर आहेत, या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या सल्लागार कंपन्यांतही आहेत. मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जी माहिती फिरते ती निम्मी हिंजवडीच्या सवयीची आणि निम्मी ऐकीव. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट कागदाची. जर्मनीत तोंडी, ईमेलने, टीम्सच्या कॉलवर किंवा पीडीएफ पाठवून कुणालाही काढता येत नाही. दिवाणी संहितेच्या कलम ६२३ प्रमाणे नोटीस (क्युंडिगुंग) कागदावर, शाईच्या सहीनिशीच लागते. डिजिटल सहीसुद्धा चालत नाही. परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा जो करार असतो, आउफहेबुंग्सफेरट्राग, त्यालाही हेच कलम लागू आहे. एचआर 'जरा भेटायला या' म्हणते आणि टेबलावर दोन छापील प्रती ठेवलेल्या असतात, त्या यासाठी.

आता कंपनी सरळ नोटीस न देता करार का पुढे करते? कारण नोटीस देणं तिला जड जातं. १९५१ च्या क्युंडिगुंग्सशुट्झगेझेट्झनुसार (नोटीससंरक्षण कायदा), आस्थापनेत १० पेक्षा जास्त माणसं असतील आणि तुमचे ६ महिने पूर्ण झाले असतील, तर काढायला कारण लागतं: व्यक्तीशी निगडित, वर्तनाशी निगडित किंवा धंद्याशी निगडित. (१० मोजताना आठवड्याला २० तासांपर्यंतचा माणूस अर्धा, ३० पर्यंतचा पाऊण.) धंद्याचं कारण असलं तरी कुणाला काढायचं ते साहेबाच्या मर्जीवर नसतं. सारखं काम करणाऱ्यांत तुलना करावी लागते. नोकरीची वर्षं, वय, पोटगीच्या (बायको-मुलं पोसण्याच्या) जबाबदाऱ्या आणि गंभीर अपंगत्व या चार निकषांवर जो सगळ्यात कमी अडचणीत येईल तो आधी जातो. म्हणजे तरुण, बिनलग्नाचे, नुकते लागलेले. कंपनीला नेमके तेच ठेवायचे असतात! शिवाय काही ठिकाणी नोटिशीचा रस्ताच बंद असतो. फोक्सवागनच्या समझोत्यात धंद्याच्या कारणावरून २०३० अखेरपर्यंत कुणालाही काढायचं नाही असं ठरलं आहे. मग उरतं काय, तर पैसे देऊन माणसाला राजीखुशीने बाहेर पडायला लावणं.

हे एकदा कळलं की टेबलावरचं वजन कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. करारावर सही करायची सक्ती कुणीही करू शकत नाही. पण केली तर ती मागे घेता येत नाही, कायद्यात विचाराचा कालावधी नाही. 'आत्ता इथेच सही करा, नाहीतर ऑफर गेली' असं म्हणणं एवढ्यावरून करार रद्द होत नाही, असा केंद्रीय कामगार न्यायालयाचा फेब्रुवारी २०२२ चा निकाल आहे. म्हणून भांडू नका, आवाज चढवू नका. कागद घ्या, 'घरी वाचून सांगतो' म्हणा. पोच मागितली तर फक्त 'एर्हाल्टन आम' (म्हणजे 'अमुक तारखेला मिळालं'), पुढे तारीख आणि नाव. 'आइनफरश्टांडन' हा शब्द छापलेल्या जागेखाली सही नको, त्याचा अर्थ मान्य असा होतो.

मसुदा घरी आल्यावर बहुतेकांची नजर आबफिंडुंगच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या, आकड्यावर जाते. तो आकडा कायद्याने ठरलेला नाही. नोकरीच्या दर वर्षामागे अर्धा महिन्याचा ढोबळ पगार ही बोलणीची सुरुवात समजतात. मोठ्या कंपन्यांच्या कार्यक्रमांत तो बराच वर जातो, त्यात लवकर सही करणाऱ्याला वेगळा बोनसही असतो. पण माझ्या मते ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) असणाऱ्याने आधी नोकरी संपण्याची तारीख वाचावी, मग पैसे. ब्लू कार्डाचं घड्याळ, म्हणजे नवी नोकरी शोधायची मुदत, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून चालू होतं. घरी बसवलं (फ्रायश्टेलुंग) तरी त्या तारखेपर्यंत तुम्ही नोकरीत असता, पगार चालू, विमा चालू, पेन्शनचे महिने भरत राहतात.

कंपनीने पाळायच्या नोटिशीच्या मुदती कलम ६२२ मध्ये आहेत: २ वर्षांनंतर १ महिना, ५ नंतर २, ८ नंतर ३, १० नंतर ४, १२ नंतर ५, १५ नंतर ६, २० नंतर ७, सगळ्या महिनाअखेरीला संपणाऱ्या. त्याआधी ४ आठवडे, १५ तारखेला किंवा महिनाअखेरीला. बऱ्याच करारपत्रांत तिमाहीअखेर ३ महिने अशी जास्तीची मुदत लिहिलेली असते, तीच धरायची. आउफहेबुंगमध्ये यापेक्षा आधीची तारीख असेल तर बेकारी भत्त्याचं घोडं अडतं, त्यावर खाली कुणीतरी लिहीलच. उलट करारात अशी अट घालून घ्या की दुसरी नोकरी मिळाली तर तुम्ही दोन आठवड्यांची सूचना देऊन आधी जाल आणि उरलेल्या महिन्यांच्या पगाराचा काही भाग भरपाईत मिळेल. याला श्प्रिंटर कलम म्हणतात. कंपन्या सहसा मान्य करतात, कारण त्यांचाही खर्च वाचतो.

---

शंकेखोर

धागा उत्तम. पण युनियन, कामगार कायदा वगैरे वर्षाला ८० हजार युरो घेणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला कसे काय लागू होतात? आपल्याकडे मॅनेजर झाला की माणूस 'वर्कमन' राहत नाही.

---

गवती चहा

शंकेखोर, तो फरक भारतातला. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संरक्षण 'वर्कमन' या व्याख्येला चिकटलेलं होतं, म्हणून आयटीतला लीड कायम कात्रीत असायचा. जर्मनीत शिफ्टवरचा फिटर आणि सॉफ्टवेअर आर्किटेक्ट दोघांनाही नोटीससंरक्षण सारखंच. ते सैल होतं फक्त 'लाइटेंडे आंगेश्टेल्टें'साठी, म्हणजे स्वतःच्या अधिकारात माणसं घेऊ-काढू शकणाऱ्यांसाठी वगैरे. हाताखाली सहा जण आहेत म्हणून कुणी त्यात जात नाही, व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो. पगार वेतनश्रेणीच्या वर असलेले (आउसरटारीफलिष) लोकसुद्धा बेट्रीब्सराटच्या कक्षेत येतात.

बेट्रीब्सराट आणि युनियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे फार गोंधळ होतो. बेट्रीब्सराट म्हणजे आस्थापनेतल्या सगळ्यांनी निवडून दिलेली समिती, सभासदत्व लागत नाही, वर्गणी नाही. ती संप पुकारू शकत नाही. युनियन (धातू उद्योगात आयजी मेटाल) वेतनकरार करते, संप तिचा. त्या उद्योगातल्या नोव्हेंबर २०२४ च्या करारात एप्रिल २०२५ पासून २ टक्के आणि एप्रिल २०२६ पासून ३.१ टक्के वाढ आहे, ती युनियनने मिळवली, समितीने नव्हे.

नोटिशीच्या बाबतीत समितीचं हत्यार म्हणजे बेट्रीब्सराट कायद्याचं कलम १०२. प्रत्येक नोटिशीआधी तिला कारणांसह कळवावं लागतं, आठवडाभर वाट बघावी लागते (तडकाफडकी काढायचं असेल तर ३ दिवस). हे केलं नाही, किंवा अर्धवट माहिती दिली, तर नोटीस रद्दबातल. समितीने विरोध केला तरी कंपनी नोटीस देऊ शकते, पण विरोध कायद्यातल्या कारणांवर असेल तर तुम्ही दावा लावून खटला संपेपर्यंत कामावर ठेवण्याची मागणी करू शकता. नोटीस प्रोबेशनमध्ये आली तरी समितीला विचारावंच लागतं.

आउफहेबुंगच्या कराराला मात्र कलम १०२ लागत नाही. कंपन्यांना तो आवडण्याचं हे आणखी एक कारण. तरीही बोलण्यात तुमच्या कामगिरीचा किंवा पुढच्या वाटचालीचा विषय निघाला की समितीचा सदस्य सोबत बसवण्याचा हक्क आहे. 'मला समितीतल्या व्यक्तीला बोलवायचं आहे' एवढं म्हटलं तरी बैठक पुढे ढकलली जाते.

---

मोरपंखी

नोटीस हाती पडल्यावरचं मी लिहिते.

तीन आठवडे. नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात (आर्बाइट्सगेरिष्ट) दावा पोहोचला नाही, तर नोटीस कितीही चुकीची असली तरी ती बरोबर मानली जाते. समितीला विचारलं नव्हतं, निवड चुकीची होती, मुलाचा जन्म धरला नव्हता, काहीही असो. एचआरशी 'चर्चा चालू' असेल तरी मुदत थांबत नाही. एचआरही हे ओळखून असते. गोड बोलून चौथा आठवडा आणणं हा जुना खेळ आहे.

'मिळाली' म्हणजे तुमच्या पत्रपेटीत पडली. तुम्ही दिवाळीला नाशिकला असलात तरी! मुदत पेटीत पडल्यापासून मोजली जाते. परत आल्यावर उशिराचा दावा स्वीकारावा असा अर्ज अडथळा दूर झाल्यापासून दोन आठवड्यांत करता येतो, पण त्यावर विसंबून राहू नका. कपातीचं वारं असताना भारतात जायचं तर शेजाऱ्याकडे पेटीची किल्ली द्या, रोज फोटो पाठवायला सांगा. पिवळं पाकीट किंवा कुरिअरने हाती दिलेलं पाकीट त्याच दिवशी उघडायला सांगा.

दावा कसा लावायचा: पहिल्या पायरीच्या कामगार न्यायालयात वकील सक्तीचा नाही. न्यायालयात 'रेष्ट्सआन्ट्रागश्टेले' नावाची खिडकी असते. नोटिशीची मूळ प्रत, करारपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि पासपोर्ट घेऊन गेलं की तिथला कारकून दावा लिहून घेतो. आगाऊ कोर्ट फी भरावी लागत नाही. दावा तडजोडीत संपला तर कोर्ट फी माफ. वकील केला तर पहिल्या पायरीवर ज्याचा खर्च त्याने सोसायचा, जिंकलात तरी. म्हणून छोट्या पगारात वकिलाचा हिशेब आधी करावा. कायदेविमा (रेष्ट्सशुट्झ) असेल तर बघा कामगार बाबी त्यात आहेत का, आणि प्रतीक्षाकाळ साधारण तीन महिन्यांचा असतो. कपातीची बातमी छापून आल्यावर विमा काढणं म्हणजे वरातीमागून घोडं. आयजी मेटालची वर्गणी ढोबळ पगाराच्या १ टक्का, कायदेशीर मदत तीन महिन्यांच्या सभासदत्वानंतर.

पहिली तारीख तडजोडीची (ग्युटेटर्मिन). एकच न्यायाधीश, वीस मिनिटं, सरळ आकड्यांवर बोलणं. बहुतेक प्रकरणं इथे किंवा त्यानंतर लवकरच मिटतात. निकालाने नोकरी परत मिळवणारे थोडे, पण दावा लावल्याशिवाय आकडा हलत नाही हेही तितकंच खरं.

नोटीस हातात आल्याच्या पहिल्या दिवशीच तपासायच्या दोन गोष्टी. सही कुणाची आहे? एचआर प्रमुख किंवा संचालक सोडून दुसऱ्याच कुणाची असेल आणि मूळ अधिकारपत्र जोडलेलं नसेल, तर दिवाणी संहितेच्या कलम १७४ खाली नोटीस ताबडतोब नाकारता येते. ताबडतोब म्हणजे आठवड्याच्या आत, तेही लेखी दिलेलं बरं. दुसरी, गरोदरपण. नोटिशीच्या वेळी गरोदर असलेल्या बाईने दोन आठवड्यांत कळवलं तरी संरक्षण मिळतं, बाळंतपणानंतर चार महिन्यांपर्यंत. पालकरजेचं संरक्षण अर्ज दिल्यापासून सुरू होतं, पण रजेच्या आठ आठवडे आधीपासूनच, त्याहून लवकर दिलेल्या अर्जाने नाही (मूल तीन वर्षांचं व्हायच्या आतल्या रजेसाठी). 'सिक लीव्हवर गेलं की काढता येत नाही' ही मात्र निव्वळ अफवा.

---

शंकेखोर

चार निकषांत पोटगीच्या जबाबदाऱ्या म्हटलंय. बायको-मुलं पुण्यात असतील तर?

---

नेकारकाठ

मोजली जातात, पण कंपनीला माहीत असायला हवं. कंपनी साधारणपणे कर खात्याकडून आलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीवर चालते आणि भारतात राहणारी मुलं त्या नोंदीत दिसत नाहीत. यादी बनून गेल्यावर सांगून उपयोग नाही. आजच एचआरला ईमेल करा: विवाह, मुलांची नावं आणि जन्मतारखा, जन्मदाखल्यांच्या प्रती जोडून. त्याची एक प्रत समितीकडे. पाच मिनिटांचं काम आहे. दोन मुलं धरली न धरली यावर क्रम बदलतो.

तुलना एकाच आस्थापनेत आणि एकाच पातळीवर होते. श्टुटगार्टच्या फॉयरबाख भागातल्या माणसाची तुलना दुसऱ्या गावच्या वेगळ्या आस्थापनेतल्या माणसाशी होत नाही.

---

हेस्सनवासी

बेकारी भत्त्याचं (आर्बाइट्सलोझेनगेल्ड) लिहितो, सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

नोकरी संपायच्या किमान तीन महिने आधी रोजगार कार्यालयात (आगेंटूर फ्युअर आर्बाइट) 'नोकरी शोधतोय' अशी नोंद करायची. त्याहून उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत. ऑनलाइन होते. विसरलात तर एक आठवड्याचा भत्ता गेला. नोकरी संपल्यावर पहिल्या दिवशी 'बेकार झालो' ही दुसरी, वेगळी नोंद. दोन्ही एकच समजून लोक दुसरी करत नाहीत.

हक्क किती: मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरला असेल तर ६ महिने, मागच्या पाच वर्षांत २४ महिने भरला असेल तर १२ महिने. पन्नाशीनंतर पायऱ्यांनी वाढत ५८ व्या वर्षी २४ महिन्यांपर्यंत. रक्कम निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. हा विम्याचा पैसा आहे, सरकारी मदत नव्हे. त्यामुळे व्हिसाला बाधा येत नाही. करातून मिळणाऱ्या सरकारी मदतीची (ब्युर्गरगेल्ड या नावाने ओळखली गेलेली) गोष्ट वेगळी, तिकडे वळण्याआधी व्हिसाचं बघा.

आता श्पेरत्साइट. स्वतः राजीनामा दिला किंवा आउफहेबुंगवर सही केली की १२ आठवडे भत्ता बंद, शिवाय एकूण हक्क किमान पाव भागाने कमी. म्हणजे १२ महिन्यांचे ९ राहतात. टाळता येतं, पण मसुद्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: हा करार झाला नसता तर कंपनीने धंद्याच्या कारणावरून त्याच तारखेची नोटीस दिलीच असती असं स्पष्ट वाक्य, तुमची पूर्ण नोटीसमुदत पाळलेली, आणि भरपाई दर वर्षामागे अर्ध्या पगारापर्यंत. भरपाई त्याहून जास्त असेल तर कार्यालय खोलात शिरून ती नोटीस कायदेशीर ठरली असती का ते तपासतं. जास्त पैसे घेऊ नका असा याचा अर्थ नाही, पण तीन महिन्यांचा भत्ता वजा धरून आकडा मोजा. नोटीस, मग दावा, मग न्यायालयात तडजोड या रस्त्याने गेलात आणि मुदत पाळलेली असली तर श्पेरत्साइट सहसा लागत नाही. 'वर्तनामुळे' हा शब्द कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका.

कराचंही. भरपाईवर सामाजिक विम्याची वर्गणी नाही, पण आयकर आहे. एकरकमी भरपाईवरचा कर हलका करणारी 'पाचवा हिस्सा' नियमाची सवलत २०२५ पासून कंपनी पगारातून देत नाही, विवरणपत्रात मागावी लागते. त्यामुळे खात्यात आलेली रक्कम बघून छाती दडपते. पुढचं वर्ष कमी उत्पन्नाचं जाणार असेल तर भरपाई जानेवारीत द्यायला सांगा.

---

टोपणनाव

ब्लू कार्डवाल्यांसाठी नेमकं काय? ग्रुपवर कुणी ३ महिने म्हणतं, कुणी ६.

---

मोरपंखी

दोन्ही बरोबर. २०२१ च्या युरोपीय निर्देशानुसार दोन वर्षांपेक्षा कमी काळ ब्लू कार्ड असेल तर ३ महिन्यांपर्यंतची बेकारी, दोन वर्षं झाली असतील तर ६ महिन्यांपर्यंतची बेकारी एवढ्यावरून कार्ड काढून घेता येत नाही.

पण आधी स्वतःचा हिरवा जोडकागद (झुझात्सब्लाट) काढून वाचा. त्यावर कंपनीचं नाव आणि 'नोकरी संपताच परवाना संपेल' अशा अर्थाची ओळ असेल तर वकील लगेच गाठावा. नोकरी ठरल्याआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांचं कार्यालय) कळवणं तुमचं कर्तव्य आहे. कंपनी स्वतंत्रपणे चार आठवड्यांत कळवते. त्यामुळे गप्प राहून काही साधत नाही. ईमेलने कळवा, 'शोध चालू आहे' म्हणून अर्जांची यादी जोडा, पोच जपून ठेवा.

आणि कायम वास्तव्य! ब्लू कार्डावर बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांनी, ए१ असेल तर २७ महिन्यांनी अर्ज करता येतो. बऱ्याच ठिकाणी नोटीस दिलेली नाही असं कंपनीचं ताजं पत्र मागतात. म्हणून ज्यांचे महिने भरलेत त्यांनी कपातीची वाट न बघता आजच अर्ज टाकावा. विसाव्या महिन्यात करार समोर आला तर नेकारकाठ म्हणताहेत तेच, तारीख आधी. दोन महिने पुढे ढकलल्याने जे मिळतं ते भरपाईच्या आकड्यात मिळत नाही.

ट्रान्सफरगेझेलशाफ्टची ऑफर असेल (कंपनीऐवजी वेगळ्या संस्थेत जास्तीत जास्त १२ महिने, प्रशिक्षण आणि निव्वळ पगाराच्या ६०/६७ टक्के) तर जर्मन सहकाऱ्यासाठी ती चांगली असू शकते. ब्लू कार्डाला पगाराची किमान मर्यादा असते, २०२५ साली ती सर्वसाधारणपणे ४८,३०० युरो होती. तेव्हा सही करण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडून लेखी उत्तर घ्या.

---

अ‍ॅमस्टेलकर

नेदरलँड्सवाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. तिथे परस्परसंमतीच्या कराराला १४ दिवसांचा विचारकाळ कायद्यानेच आहे, करारात तो लिहिला नसेल तर २१ दिवस, आणि त्या काळात कारण न देता सही मागे घेता येते. आर्थिक कारणावरून काढायचं तर कंपनीला आधी यूडब्ल्यूव्ही या संस्थेची परवानगी लागते. भरपाईचा हक्क पहिल्या दिवसापासून, दर वर्षामागे एक तृतीयांश महिन्याचा पगार. हायली स्किल्ड मायग्रंटला नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने.

---

बर्लिनचा डबा

सल्लागार कंपन्यांतून 'क्लायंट साइट'वर बसणाऱ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. त्यांचे दोन प्रकार. तुमच्या कामाचे आदेश रोज क्लायंटचा टीमलीड देत असेल तर ती लाइहआर्बाइट, माणूस भाड्याने देणं. त्याला १८ महिन्यांची कमाल मुदत आणि ९ महिन्यांनंतर क्लायंटच्या माणसाएवढा पगार (वेतनकराराने हे आकडे बदललेले असू शकतात). कंपनीने त्याला 'वेर्कफेरट्राग', म्हणजे कामाचं कंत्राट, असं नाव दिलं आणि प्रत्यक्षात आदेश क्लायंटचेच असले, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही क्लायंटचेच नोकर ठरू शकता. म्हणून कपातीच्या काळात आदेशांच्या ईमेल, तिकिटं, रजेला मंजुरी कोण देतं याच्या नोंदी ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं घरी पाठवू नका, त्यावरून वर्तनाचं कारण आयतं मिळतं. तारीख, वेळ, कुणी काय सांगितलं याची स्वतःची वही पुरेशी.

क्लायंटकडचं काम संपलं म्हणून तुमची कंपनी लगेच काढू शकत नाही. दोन प्रकल्पांच्या मधली रिकामी वेळ हा तिच्या धंद्याचा धोका आहे, पगार चालू राहतो. 'बेंच'वरून राजीनामा द्यायला लावणं ही पुण्या-बेंगळुरूची रीत इथे चालवून घेऊ नका. आयसीटी कार्डवर (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) भारतीय कंपनीतून आलेल्यांचं वेगळं, मूळ करार भारतातला असतो आणि कार्ड कमाल तीन वर्षांचं. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढायला हवा.

तीन महिन्यांहून जास्त काळ क्लायंटकडे भाड्याने दिलेल्या माणसाला क्लायंटच्या बेट्रीब्सराटच्या निवडणुकीत मतही आहे. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

---

शंकेखोर

आणि ज्या स्टार्टअपमध्ये बेट्रीब्सराटच नाही तिथे? बाहेरच्या देशातला माणूस उभा राहू शकतो का?

---

गवती चहा

राहू शकतो. नागरिकत्वाची अट नाही. १६ वर्षांवरच्याला मत, १८ पूर्ण आणि आस्थापनेत सहा महिने झालेला उमेदवार. मतदानाचा हक्क असलेली किमान पाच कायम माणसं आणि त्यातली तीन उमेदवारीस पात्र, एवढं असलं की समिती होऊ शकते. २० पर्यंत १ सदस्य, ५० पर्यंत ३, १०० पर्यंत ५, २०० पर्यंत ७. ठरलेल्या निवडणुका दर चार वर्षांनी १ मार्च ते ३१ मे मध्ये (२०२२, २०२६). पण समितीच नसेल तर कधीही घेता येते.

पद्धत, १०० माणसांपर्यंतची सोपी: तीन जणांनी (किंवा युनियनने) सही करून सभेचं निमंत्रण काढायचं, किमान सात दिवस आधी. त्या सभेत निवडणूक मंडळ निवडायचं, तिथेच मतदारयादी आणि उमेदवार. आठवड्याने दुसरी सभा, गुप्त मतदान. मतदारयादीसाठी माहिती कंपनीने द्यायची, खर्च कंपनीचा. जर्मन न येणाऱ्यांना प्रक्रिया समजावून सांगणं हे मंडळाचं काम आहे, तसं निवडणूक नियमांतच लिहिलं आहे.

बिघडतं कुठे: निमंत्रणाआधी स्लॅकवर चर्चा होते आणि पुढाकार घेणाऱ्यांना 'पुनर्रचने'त नोटीस मिळते. संरक्षण निमंत्रण निघाल्यावर खरं पक्कं होतं. निमंत्रणावरच्या पहिल्या सहा जणांना निकाल जाहीर होईपर्यंत, उमेदवारांना निकालानंतर सहा महिने, निवडून आलेल्यांना मुदत संपल्यावरही एक वर्ष. म्हणून आधी युनियनच्या स्थानिक कार्यालयात जायचं, निमंत्रणाचा मसुदा तिथे तपासून घ्यायचा, मग एका दिवसात बाहेर काढायचा. आणि निमंत्रणावर तिघांऐवजी सहा जणांनी सही करायची.

समिती आली की कपातीच्या वेळी सौदा सामूहिक होतो. २० पेक्षा जास्त मतदार असलेल्या कंपनीत मोठा बदल होणार असेल तर झोत्सियालप्लान (कपातीची झळ कमी करणारा सामूहिक करार) मागता येतो. भरपाईचं सूत्र, मुलांमागे जादा रक्कम, सगळं त्यात. पटलं नाही तर लवाद (आइनिगुंग्सश्टेले) ठरवतो. ज्याला जर्मन नीट बोलता येत नाही त्याला सगळ्यात जास्त फायदा याचाच, कारण एकट्याने घासाघीस करावी लागत नाही.

---

बर्लिनचा डबा

एक पुरवणी, विद्यार्थ्यांसाठी. डबे-किराणा पोहोचवणाऱ्या सायकलवाल्यांत आपली मुलं पुष्कळ. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम. लिफेरांडोने जुलै २०२५ मध्ये २,००० रायडरच्या जागा कमी करणार आणि काम बाहेरच्या कंपन्यांना देणार असं सांगितलं. अशा ठिकाणी कुणी 'उद्या सगळे अ‍ॅप बंद करू' म्हणालं तर थांबा. जर्मनीत युनियनने न पुकारलेल्या संपाला संरक्षण नाही. किराणा पोहोचवणाऱ्या गोरिलाज कंपनीतल्या २०२१ च्या उत्स्फूर्त संपावरून काढलेल्या रायडरांचे दावे बर्लिनच्या वरिष्ठ कामगार न्यायालयात फेटाळले गेले. त्याच कंपनीतली बेट्रीब्सराट निवडणूक थांबवायची कंपनीची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली.

---

टोपणनाव

स्वीडनमध्ये टेस्लाविरुद्ध २७ ऑक्टोबर २०२३ ला संप सुरू झाला, तिथे गोदी कामगार आणि टपालवालेही सामील झाले. जर्मनीत असं का होत नाही?

---

गवती चहा

स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, सगळा डोलारा सामूहिक करारावर. म्हणून करार नाकारणाऱ्या कंपनीविरुद्ध दुसऱ्या क्षेत्राने साथ देणं तिथे कायदेशीर आणि सवयीचं. टपालवाल्यांनी नंबरप्लेटा पोहोचवायच्या थांबवल्या ते यातूनच. जर्मनीत सहानुभूतीचा संप करता येतो, पण तो प्रमाणात आहे का हे न्यायालय तपासतं. टेस्लाच्या बर्लिनजवळच्या ग्र्युनहाइड कारखान्यात बेट्रीब्सराट आहे, वेतनकरार नाही. तिथल्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांनी पगाराची तुलना करताना तास आठवड्याला किती ते विचारावं. पश्चिमेकडच्या धातू उद्योगाचा करार ३५ तासांचा आहे, ४० तासांच्या पगाराशी तो थेट ताडला की फसगत होते.

---

हेस्सनवासी

कुर्त्सआर्बाइटचं, म्हणजे काम घटल्यावर तात्पुरते तास आणि पगार कमी करण्याचं, राहिलं. कपातीआधी बहुधा तीच येते. कंपनीतल्या किमान एक तृतीयांश लोकांचं ढोबळ वेतन १० टक्क्यांहून जास्त घटणार असेल तर रोजगार कार्यालय गेलेल्या निव्वळ पगाराचे ६०/६७ टक्के भरतं. बेट्रीब्सराट असेल तर तिच्या संमतीशिवाय लादता येत नाही. नसेल तर करारपत्रात तसं कलम आहे का बघा, नसल्यास तुमची सही लागते.

या काळात बेकारी भत्त्याची रक्कम घटत नाही, ती पूर्ण पगारावरूनच मोजतात. ब्लू कार्ड वाढवायची तारीख याच महिन्यांत येत असेल तर कमी झालेल्या पगारपावत्यांसोबत कंपनीचं कुर्त्सआर्बाइटचं पत्र जोडा, नुसत्या पावत्या पाठवल्या की कार्यालयातून पत्रांची ये-जा सुरू होते.